चार नोव्हेंबरची पाहणी

मखमलाबाद शिवारातल्या शेवंतीवाल्यांत नवं फूल कुणाचं हे ठरवायची एक रीत होती. ज्याच्या मळ्यात वेगळ्या रंगाची फांदी निघेल, त्याने तिचे फुटवे वेगळे लावायचे, तीन हंगाम रंग टिकतो का ते पाहायचं, आणि टिकला तर इतर पाच मळ्यांतल्या पाच जणांना बोलावून फूल झाडावर असतानाच दाखवायचं. याला पाहणी म्हणत. तोडलेलं फूल चालत नसे. पाच जणांनी पाहिलं की शिवारातला वडीलधारा माणूस फुलाचं नाव पुकारायचा. पुढचे दोन हंगाम त्या फुलाची रोपं फक्त त्याच मळ्यातून विकली जायची. एकाच फुलावर दोघांनी हक्क सांगितला, तर ज्याची पाहणी आधी त्याचं फूल. कागद नाही, सही नाही. १९९१ साली भिमाजींच्या पिवळीवरून असा वाद झाला होता आणि तोंडी साक्षीवर एका सकाळीत मिटला होता. ती पिवळी फुलबाजारात पुढेही ‘भिमाजी’ याच नावाने विकली जात राहिली.

शुभांगी ही या भिमाजींची सून. घरचे त्यांना आबा म्हणत, आणि शिवारात नाव पुकारायचा मान आता त्यांचाच होता. कॉम्प्युटरची पदवी घेऊन ती २००१ साली लग्न होऊन मळ्यात आली. नवरा जीवन शेती आणि बाजार बघायचा. घरात ब्रॉडबँड आल्यावर तिने आणि जीवनचा चुलतभाऊ ललित याने मिळून इंटरनेटवर रोपांचं दुकान काढलं. भाऊहिस्सा झालेला असल्याने ललितचा मळा वेगळा होता, पण बांध एकच. साइट शुभांगीने बांधली. ऑर्डरी, खोकी आणि कुरिअर ललितकडे. शेवंतीची रोपं, ग्लॅडिओलसचे कंद, गुलाबाची कलमं असा माल होता. देवळाली कॅम्पातून बदली होऊन गेलेल्या लष्करी कुटुंबांतल्या बायका पठाणकोटहून, झाशीहून रोपं मागवत, तेव्हा ललितला आपण फार लांब पोचल्यासारखं वाटे. तो त्या गावांची नावं बाजारात सांगत फिरे.

साइटवर एक ब्लॉगही होता. लागवड कधी करायची, शेंडा कधी खुडायचा, मळा बघायला कधी यायचं, असं शुभांगी, कधीमधी ललितही, त्यावर मराठीत लिहायची. ज्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नसत त्यांना नुसते चौकोन दिसत आणि ते फोन करत. तिला त्याचंही काही वाटत नसे.

तारखेचा घोळ पहिल्यांदा झाला तो २००६ च्या नोव्हेंबरात. गिऱ्हाइकांसाठी मळा दाखवायचा कार्यक्रम महिनाअखेरीला ठरला होता आणि शुभांगीने तसं लिहिलं. पोस्टच्या डोक्यावर मात्र लिहिल्याची तारीख आपोआप यायची. त्याच दुपारी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले जयराम बोराडे बायकोला स्कूटरवर बसवून मळ्यात हजर झाले. बांधावर भिमाजी बसले होते.

“पाहणी कुठे आहे?” बोराडेंनी हेल्मेट काढत विचारलं.

“कसली पाहणी? कळ्या हायेत अजून.”

“तुमच्या साइटवर आजची तारीख आहे.”

“साइटवर असंल. झाडाला कुणी सांगितलं नाय.”

“मी यांना म्हटलं होतं, आधी फोन करा,” बोराडेबाई म्हणाल्या. “यांना खाली वाचायची सवयच नाही. वरचं वाचलं की निघाले.”

शुभांगीने त्यांना चहा दिला, माफी मागितली आणि पिवळीची दोन रोपं पिशवीत घालून दिली. संध्याकाळी ललित हसत हसत म्हणाला, “वहिनी, ती वरची तारीख हवी कशाला? तुम्ही कधी लिहिलं याच्याशी गिऱ्हाइकाला काय घेणं? कार्यक्रम कधी आहे ते वर टाका.”

मागणी बरोबर होती. शुभांगीने पोस्ट लिहायच्या पानावर ‘कार्यक्रमाची तारीख’ अशी वेगळी चौकट तयार केली. लिहिणारा तिथे जी तारीख टाकेल ती पोस्टच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत दिसेल, अशी सोय केली. लिहिल्याची तारीख बारीक अक्षरांत खाली ठेवली होती. आठवड्याने ललितने तीही काढायला लावली.

“दोन दिसल्या की लोक चुकीचीच धरतात. एकच ठेवा ना.”

तिने एकच ठेवली. मग पोस्टचा क्रमही कार्यक्रमाच्या तारखेवर लावला. येणारा कार्यक्रम सगळ्यांत वर, झालेला खाली, जितका जुना तितका खाली. कधी लिहिलं याला साइटवर काही महत्त्व उरलं नाही. ती दोन-तीन खोट्या तारखा टाकून, तपासून, त्या पुसून उठली. काम चोख झालं होतं आणि त्या वर्षी पुन्हा कुणी चुकीच्या दिवशी आलं नाही.

याच काळात घरामागच्या तीन सऱ्यांत शुभांगीचं स्वतःचं फूल वाढत होतं. २००४ साली पांढऱ्या शेवंतीच्या एका झाडाला तिला एक वेगळी फांदी दिसली होती. पाकळी आतून तांब्यासारखी, बाहेरून फिकट सोनेरी. तिने ती फांदी बांधून ठेवली, तिचे फुटवे काढले आणि दर जूनला पुन्हा लावत गेली. पाणी तिनेच दिलं, पानांवरची माव्याची कीड तिनेच पुसली. तिसऱ्या हंगामात, २००७ साली, एकाही झाडाचा रंग फिरला नाही. शिवारातल्या सगळ्या नव्या फुलांना पुरुषांची नावं होती किंवा ती पुरुषांनी ठेवलेली होती. ही पाहणी झाली की आबा पाच जणांसमोर पुकारणार होते की हे शुभांगीचं फूल. तिला तेवढंच हवं होतं. नावही तिने ठरवलं होतं, सांजतांबडी. ते तिने फक्त जीवनला सांगितलं होतं.

“आबांची जीभ वळायची नाही,” तो तेव्हा हसून म्हणाला होता.

भिमाजींनी सऱ्यांतून फिरून फुलं किती उमलली ते पाहिलं आणि रविवार, २५ नोव्हेंबर हा दिवस धरला. शुभांगीने पाच मळ्यांत निरोप दिले. ब्लॉगवर पोस्ट टाकली. ती सगळ्यांत वर दिसत होती.

गुरुवारी सकाळी बोराडेंचा फोन आला.

“ताई, नाशिक कॉपर शिल्लक आहे का?”

“काय म्हणालात?”

“नाशिक कॉपर. नवी शेवंती, आतून तांबडी, बाहेरून सोनेरी. तुमच्याच दुकानात लावलीय की. मी रोज बघतो साइट, तरी चार तारखेची पाहणी माझी चुकली. मागच्या वर्षी फार लवकर आलो, यंदा उशीर झाला. आमची बायको म्हणते, तुम्हाला बारसं आणि बारावं दोन्ही चुकणार.”

शुभांगीने थोड्या वेळाने फोन करते म्हणून सांगितलं आणि साइट उघडली. वरच्या पानावर तसलं काही नव्हतं. पोस्ट दुसऱ्या पानावर होती, दिवाळीच्या तोरणांच्या पोस्टच्या खाली. डोक्यावर मोठ्या अक्षरांत तारीख होती, रविवार, ४ नोव्हेंबर २००७. खाली लिहिलं होतं की या दिवशी ललित यांच्या मळ्यात नव्या शेवंतीची पाहणी रीतीप्रमाणे झाली, फूल झाडावर दाखवलं, ‘नाशिक कॉपर’ हे नाव सुचवलं, पुकारणं दिवाळीनंतर. सोबत झाडावरच्या फुलाचा फोटो. मागे ललितच्या मळ्यातली पत्र्याची शेड दिसत होती. मग पाच उपस्थितांची नावं. पहिलं नाव जीवनचं होतं.

ती पोस्ट कधी लिहिली हे पाहायला तिला साइटच्या आत जावं लागलं. १९ नोव्हेंबर. सोमवारी लिहिलेली पोस्ट तिला गुरुवारपर्यंत दिसली नव्हती, कारण मागची तारीख टाकलेली पोस्ट वर येत नाही. तो क्रम तिनेच लावला होता.

चार नोव्हेंबर हा दिवस तिला आठवत होता. दिवाळीच्या आधीचा रविवार. शिवारातला प्रत्येक माणूस त्या दिवशी फुलं तोडत होता किंवा बाजारात होता. कोण कुणाच्या मळ्यात गेलं, कुणी पाहिलं नसतं. जीवन पहाटे टेम्पो घेऊन गेला होता आणि अंधार पडल्यावर परतला होता.

तो दुपारी जेवायला आला तेव्हा तिने त्याला पोस्ट दाखवली. त्याने ती उभ्यानेच वाचली.

“ललितकडे हे झाड कुठून आलं?” तिने विचारलं.

“मी दिले फुटवे. जूनमध्ये. चार-पाच मागत होता.”

“मला सांगितलं नाहीत.”

“त्यात सांगायचं काय? घरातलाच आहे. बांधापलीकडे लावले म्हणून काय झालं?”

“आणि पाहणी? तुमचं नाव आहे तिथे.”

जीवनने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. “न विचारता टाकलं असेल त्याने. त्याला घाई असते.”

“तुम्ही होतात का तिथे?”

“मी बाजारात होतो, तुला माहीत नाही का? दिवाळीच्या तोंडावर पाहण्या कोण करतं?”

“मग रविवारी आबांसमोर एवढंच सांगा.”

“सांगतो. त्यात काय आहे? मी नव्हतो, हे सांगायला काय लागतं? वाढ आता.”

तिने वाढलं. तो नेहमीसारखा जेवला, शेवटी ताक मागितलं. जाताना म्हणाला की ललितशी भांडू नकोस, आपण घरातच मिटवू. तिला बरं वाटलं. फुटवे परस्पर दिल्याचा राग होता, पण तो तिने रविवारनंतरसाठी ठेवला.

त्याच दुपारी तिने काढून टाकलेली बारीक ओळ साइटवर परत आणली. आता प्रत्येक पोस्टखाली लिहिल्याची तारीख दिसू लागली. ललितच्या पोस्टवर वर ४ नोव्हेंबर, खाली १९ नोव्हेंबर. ललितला तिने फोन केला नाही. त्याचाही आला नाही.

रविवारी सकाळी बोलावलेले पाचही जण आले. त्यांत सहादू सगळ्यांत म्हातारे, भिमाजींच्या बरोबरीचे. ते सरीत वाकून एकेक फूल बोटाने उलटं करून बघत होते.

“रंग लय खास हाय,” ते म्हणाले. “उन्हानं उडत नाय ना?”

“तिसरं वर्ष आहे, काका. उडाला नाही,” शुभांगी म्हणाली.

“भिमाजी, तुझी पिवळी पडली मागं.”

“पडू दे. घरातच पडली.”

ललित आला तेव्हा त्याच्याबरोबर पोस्टमधले उरलेले चौघे होते. त्याच्याच वयाचे, त्याच्याबरोबर बाजारात गाडी भरणारे. तो सरीत शिरला नाही. बांधावरूनच म्हणाला, “आबा, पुकारायच्या आधी एक सांगायचंय. या फुलाची पाहणी झालेली आहे. चार तारखेला, माझ्या मळ्यात.”

सहादू ताठ झाले. “आं? दिवाळीच्या आधी?”

“साइटवर आहे, काका. तारखेसकट. सगळं जग बघतंय.”

“ती पोस्ट एकोणीस तारखेला लिहिली आहे,” शुभांगी म्हणाली. “तेही साइटवर आहे. खाली बघा.”

“बघितलं, वहिनी. गुरुवारी तुम्ही ती ओळ घातली, तेही बघितलं.” ललितचा आवाज चढला नाही. “लिहिलं एकोणीसला, कोण नाही म्हणतंय? दाखवलं चारला. दिवाळीत लिहीत बसायला मोकळं कोण होतं? तुमची आजची पाहणी तुम्ही आज रात्री लिहिलीत, की उद्या लिहिलीत, म्हणून ती उद्याची होते का?”

तो बरोबर बोलत होता. लिहिल्याची तारीख खरी असली तरी त्यावरून एवढंच सिद्ध होत होतं की कुणीतरी त्या दिवशी लिहिलं. घडलं कधी, हे माणसांनीच सांगायचं होतं.

भिमाजींनी हात वर केला. “साइटचं मला सांगू नका. झाडं तिच्याकडून आली का?”

“फुटवे दादाने दिले. तीन हंगाम फुलाचे मोजतात, मळ्याचे नाही,” ललित म्हणाला. “दिलेलं फूल ज्याने आधी दाखवलं त्याचं, ही रीत तुम्हीच सांगता. एक्क्याण्णवला तुमच्या पिवळीचे फुटवे कुठून आले होते, आबा?”

सहादू हसले आणि लगेच पुन्हा फुलांवर वाकले. भिमाजींनी ललितबरोबरच्या चौघांना एकेकाला विचारलं. चौघेही होतो म्हणाले. एकजण फार लवकर म्हणाला.

“तुम्ही चौघं ह्याच्याच गाडीतली,” भिमाजी म्हणाले. “तुमचं मी निम्मं धरतो. पाचवा जीवन. तो माझा पोरगा, अन् हे फूल त्याच्या बायकोचं. घराच्या विरुद्ध कुणी खोटी साक्ष देत नाय. जीवन, इकडं ये. चार तारखेला ललितच्या मळ्यात पाहणी झाली का?”

जीवन पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. तो पुढे आला. शुभांगी त्याच्याकडे पाहत होती आणि तिला अजिबात धाकधूक नव्हती. नंतर तिला याचंच सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

“झाली,” जीवन म्हणाला.

“तू होतास?”

“होतो.”

“फूल झाडावर होतं?”

“होतं.”

भिमाजींनी मुलाकडे एकदा पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शुभांगीने तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघताच मान हलवली.

“पोरी, तुझ्या हातानं वाढलंय, हे मला दिसतंय. पण घरचा माणूस घराच्या विरुद्ध बोलला, त्याच्यापुढं साक्ष नाय. बाहेरच्यानं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.”

मग त्यांनी ललितला नाव विचारलं आणि बांधावर उभं राहून रीतीप्रमाणे पुकारलं. “नाशिक कापर. ललितच्या मळ्याचं.” सहादूंनी चहा घेतला नाही. जाता जाता ते शुभांगीजवळ थांबले, काहीतरी बोलायला आले होते, पण “येतो” एवढंच म्हणाले.

जीवन घरात आला तेव्हा ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. आलेल्यांसाठी काढून ठेवलेले, न वापरलेले कप.

“गुरुवारी तुम्ही काय म्हणाला होतात?”

“तेव्हा वाटलं होतं सांगीन.” तो पाटावर बसला. “शुभा, ऐकून घे. दिवाळीच्या गर्दीत ललित म्हणाला, दादा, तुझं नाव टाकतो. मी बरं म्हणालो. मला काय माहीत तो पुढे एवढं करेल? मग सगळ्यांच्या देखत त्याला खोटं पाडायचं म्हणजे मी पण खोटा. आधी हो म्हटलेलं त्या चौघांना ठाऊक होतं.”

“मला खोटं पाडलंत.”

“तुला कोण खोटं म्हणालं? आबा म्हणाले ना, तुझ्या हातानं वाढलंय.”

तिने पुढचा कप विसळायला घेतला, आणि तो बोलत गेला.

“बाजारात काय चालतं तुला माहीत नाही. महिनाभर ऐकतोय मी. जीवन आता बायकोच्या नावाचं फूल विकणार, पावती पण बायकोच्याच नावाने फाड, उद्या टेम्पोवर पण तिचंच नाव लिही. ललितच्या नावाने असलं तर कुणी काही बोलत नाही. फूल तर घरातच राहिलं. तो आपल्याला रोपं लावू नका म्हणणार आहे का? मी विचारलंय त्याला. तो म्हणाला, वहिनींनी खुशाल ठेवावीत.”

“खुशाल ठेवावीत,” शुभांगी म्हणाली.

“हो. तसंच म्हणाला.”

तिने कप पुसून फळीवर लावले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. दुपारभर लिहून तिने एक पोस्ट टाकली. कार्यक्रमाची तारीख, रविवार, २५ नोव्हेंबर २००७. तिने त्यात कुणाला नावं ठेवली नाहीत. कोण कोण आलं, फूल कोणत्या सरीत होतं, ललित काय म्हणाला, भिमाजींनी काय विचारलं, चौघांनी काय सांगितलं, जीवनने काय सांगितलं, आणि गुरुवारी घरात त्याच प्रश्नाला त्याने काय उत्तर दिलं होतं, एवढंच क्रमाने लिहिलं. शेवटी कोणतं नाव पुकारलं ते. स्वतः ठरवलेलं नाव तिने लिहिलं नाही. पोस्ट सगळ्यांत वर आली. तिने एकदा वाचून एक वाक्य काढलं, कारण ते तिला वाटलेलं होतं, घडलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती साइट बघायला बसली तेव्हा वरच्या पानावर ती पोस्ट नव्हती. तिथे पुन्हा पाहणीच्या बोलावण्याची जुनी पोस्ट होती. तिला वाटलं, ललितने काढून टाकली. तिने शोधलीही नाही. जीवन न्याहारीला आला आणि भाकरीचा तुकडा मोडत आपणहून म्हणाला, “ती पोस्ट मी काढली नाही बरं का.”

“मग कुठे आहे?”

“आहे साइटवरच. इथल्या कॉम्प्युटरवर उघडीच होती, फक्त तारीख बदलली. सकाळी सकाळी बोराडेंचा फोन आला, म्हणे हे काय वाचतोय मी. आता सगळे वाचणार, मग बाजारात तोंड कसं दाखवायचं? काढून टाकणार होतो, पण मन झालं नाही. तू एवढं बसून लिहिलेलं.”

“कोणती तारीख टाकलीत?”

“पंचवीस नोव्हेंबरच. साल फक्त सत्त्याण्णव केलं. एकदम शेवटच्या पानावर जाते. तिथे कोण जातंय?”

तो हे समजावणीच्या सुरात सांगत होता, आपण तिच्यासाठी काहीतरी राखून ठेवलं आहे असं. त्याने भाजीत भाकरी बुडवली आणि तिच्याकडे पाहिलं.

“सत्त्याण्णव साली आपण एकमेकांना ओळखतही नव्हतो,” शुभांगी म्हणाली.

“म्हणूनच ना. कुणाच्या लक्षातच येणार नाही.”

ती उठून कॉम्प्युटरकडे गेली. पोस्ट शेवटच्या पानावर होती, दुकान उघडलं त्या दिवशी लिहिलेल्या पहिल्या पोस्टच्याही खाली. मजकुरातला एकही शब्द बदललेला नव्हता. साल दुरुस्त करायला तिला क्षणही लागला नसता. तिने ते तसंच राहू दिलं आणि ललितला फोन लावला.

“साइटचं काम आजपासून मी करणार नाही. साइट बांधणीचा पासवर्ड तुम्हाला पाठवते.”

“वहिनी, असं नका करू. रागात आहात तुम्ही. दुकान आपल्या दोघांचं आहे.”

“रागात नाही. दुसरा कुणी बघा. कॉलेज रोडला पुष्कळ मुलं मिळतील.”

“बरं. निदान जाताना ते तारखांचं तेवढं बघून द्या. दोन-दोन दिसतात, गिऱ्हाईक गोंधळतं. एकच ठेवा.”

“कोणती ठेवायची ते तुमच्या दादांना विचारा. त्यांना तारखांतलं आता बरंच कळतं.”

तिने फोन ठेवला. जीवन हात धुऊन दारात आला होता. मंगळवारच्या बाजारासाठी आजच तोडणी करायला हवी होती. तिने पाट्या उचलल्या आणि घरामागे गेली. तिन्ही सऱ्या पूर्ण उमलल्या होत्या. रोपं विकायची मनाई झाली असली तरी सुटी फुलं कुणाच्याही मळ्यातून जाऊ शकत होती, आणि दोन दिवस ठेवली असती तर ती झाडावरच गळली असती. तिने पहिल्या सरीपासून तोडायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने जीवन दुसरी पाटी घेऊन आला आणि सरीच्या दुसऱ्या टोकाला बसला.

“तुम्ही पिवळीकडे जा,” ती म्हणाली. “इथे मी आहे.”

तो पाटी घेऊन गेला.